फिल्टरमधली वाळू

आमच्या बागेच्या फिल्टरमधली वाळू मी घालवली. हे वाक्य मी प्रकरणाच्या शेवटी लिहिणार होतो. आधी विहीर, मग बाग, मग घरातली माणसं, असं सांगत सांगत तिथवर यायचं ठरवून बसलो होतो. पण तसं केलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की चूक परिस्थितीनं, हळूहळू घडत गेली. तसं काही नव्हतं. व्हॉल्व्हचं चाक मी फिरवलं. वाळू गेल्याचं घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं. आणि आळ वहिनीवर आला तेव्हा मी खाली मान घालून उभा राहिलो. बाकी जे लिहितो आहे ते एवढ्याचंच स्पष्टीकरण आहे, आणि ते लंगडं आहे हेही मला माहीत आहे.

आमची वस्ती आळे गावाच्या पुढं, कालव्याच्या खालच्या अंगाला. तीन पत्र्याच्या खोल्या, पुढं शेणानं सारवलेला ओटा, ओट्याच्या कडेला आईची चूल. घरात गॅस आला होता, पण भाकरी चुलीवरचीच हवी असा नानांचा, म्हणजे वडिलांचा, हट्ट. सकाळी उठलो की पहिला कानावर यायचा तो भाकरी थापल्याचा आवाज, आणि त्याच्यामागे विहिरीवरच्या मोटारीची घरघर. एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री, असा तेव्हा नियम होता. दिवसाच्या आठवड्यात घराला जरा माणसासारखी तऱ्हा यायची. कालव्याला आवर्तन सुटलं की आम्ही विहीर भरून घ्यायचो. ते पाणी चहासारखं गढूळ यायचं आणि निवळतं न निवळतं तोच त्यावर शेवाळाची हिरवी साय धरायची. असलं पाणी पाटानं द्यायला हरकत नव्हती. पण नानांनी ऊस मोडून द्राक्षं लावली होती, आणि द्राक्षाला ठिबक. ठिबकच्या ज्या तोटीतून वेलीच्या बुडाशी थेंब पडतो, तिचं छिद्र बाजरीच्या दाण्याहून बारीक. चिमूटभर शेवाळ आत गेलं तर तोटी बंद, आणि तोटी बंद तर वेल उपाशी.

म्हणून विहिरीच्या काठावर त्या दोन निळ्या टाक्या आल्या. पोट सुटलेल्या, पाय रोवून उभ्या असलेल्या दोन माणसांसारख्या दिसायच्या. आत वाळू भरलेली. ती नदीतली नव्हे. नदीची वाळू घासून घासून गोल झालेली असते, तिच्यात घाण अडकत नाही. ही फोडलेल्या गारेची, कोपऱ्याकोपऱ्यांची, हातात घेतली तर टोचणारी. मोटारीचं पाणी वरून पडायचं, वाळूच्या थरातून खाली झिरपायचं, शेवाळ आणि गाळ वाळूच्या धारांना अडकून वर राहायचा आणि तळातून स्वच्छ पाणी बागेकडं जायचं. आत जाणाऱ्या पाण्याचा दाब दाखवायला एक काटा, बाहेर पडणाऱ्याला दुसरा. वाळू साफ असेल तेव्हा दोन्ही काटे जवळजवळ सारखे. घाण साठत गेली की दुसरा काटा मागं पडत जायचा, आणि फार मागं पडला की फिल्टर धुवायचा. धुवायचा म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून एका टाकीचं स्वच्छ पाणी दुसऱ्या टाकीत तळातून, उलटं सोडायचं. भाताला कढ आल्यावर शितं जशी वर उठतात तसा आतला वाळूचा थर उठतो, सुटा होतो, त्यातली घाण हलकी म्हणून पाण्याबरोबर वरच्या पाइपानं बाहेर पडते आणि वाळू जड म्हणून पुन्हा खाली बसते. फक्त एक पथ्य. उलटं पाणी बेतानं सोडायचं. जोर जास्त झाला तर घाणीच्या मागोमाग वाळूही निघून जाते. बसवणाऱ्यानं व्हॉल्व्हवर लाल रंगाची एक रेघ ओढून दिली होती आणि बजावलं होतं की चाक ह्या रेघेच्या पुढं न्यायचं नाही.

हे काम वहिनीचं होतं. दादा मंचरला एका कांदा-बटाट्याच्या आडत्याकडं नोकरीला होता, आठवड्याला घरी यायचा. नाना फवारणीत आणि मजुरांत. मी कॉलेजला जुन्नरला जायचो असं घरात समजलं जायचं. वहिनी डिंगोऱ्याची, शेतकऱ्याघरची. लग्न होऊन आली तेव्हा आईला वाटलं होतं की सून स्वयंपाकाला हातभार लावील. पण तिचा जीव विहिरीवर. मोटारीच्या खोलीची किल्ली तिनं कमरेला लावून घेतली होती. फिल्टर धुताना ती बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली नानांच्या जुन्या धोतराचा तुकडा धरायची आणि त्यात वाळूचा कण येतो का बघायची. आला की चाक मागं. धुतलेलं ते घाण पाणी वाया जाऊ द्यायला आई तयार नव्हती, म्हणून पाइपाच्या तोंडाशी तिनं मेथी-कोथिंबिरीचा वाफा केला होता. शेवाळाचं खत मिळून तिथली मेथी अशी काळीभोर माजायची की वस्तीवरच्या बाया मागून न्यायच्या. दादा आणि वहिनी यांच्यात त्या वर्षी एक ठरलं होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं: बाग चांगली गेली की दादानं मंचरची नोकरी सोडून घरी यायचं आणि बाग दोघांनी मिळून बघायची. वहिनी एकदा मला म्हणाली, "भाऊजी, एवढं वरीस जाऊ द्या. मग तुमच्या दादाला मी ह्या टाकीवर हमाल ठिवते बगा." आणि आपणच हसत सुटली.

महिन्यातले चार दिवस मात्र ती विहिरीकडं फिरकायची नाही. आमच्याकडं 'बाजूला बसणं' तेव्हा पाळलं जायचं आणि बागेच्या बाबतीत तर कडकच. माल धरलेल्या बागेत त्या दिवसांत बाईनं पाऊल टाकायचं नाही, मोटारीला हात लावायचा नाही. वहिनी ओट्याच्या टोकाला वेगळ्या घोंगडीवर बसायची, ताट-तांब्या वेगळा. सगळ्यांना दिसायचं, आणि कुणी त्याबद्दल बोलायचं नाही; पुरुषांसमोर तर तो शब्द उच्चारायचीही सोय नव्हती. आई मला नुसती म्हणायची, "रवी, आज फिल्टर तू बघ रं." काय ते मी समजायचं.

हिवाळ्यातल्या अशाच चार दिवसांत फिल्टर माझ्याकडं आला. कालव्याचं आवर्तन नुकतंच आलं होतं, पाणी भयंकर गढूळ. आणि आळेफाट्याला टेनिस बॉलच्या मॅची लागल्या होत्या. मला टीममध्ये घेतलं होतं. व्हॉल्व्ह रेघेपर्यंत फिरवून धोतराचा तुकडा धरून उभं राहायचं, पाणी निवळेपर्यंत वाट बघायची, मग दुसरी टाकी. यात दुपार जायची. पहिल्याच दिवशी मी चाक रेघेच्या पुढं नेलं. पाइपातून काळपट तांबडा लोट असा फुसांडत बाहेर पडला की बघायला मजा वाटली, आणि एरवी जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात पाणी निवळलं. मला वाटलं, हे या लोकांना सुचलं कसं नाही? चारही दिवस मी तसंच केलं. शेवटच्या दिवशी तर चाक शेवटापर्यंत. कापडाचा तुकडा मी हातातसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर काटे इतके जवळ आले की जणू एकच काटा दोन ठिकाणी लावला आहे. वहिनीनं पुन्हा काम हातात घेतलं तरी काटे लांब जाईनात. नाना संध्याकाळी विहिरीवरून आले आणि आईला म्हणाले, "रवीचा हात लागल्यापसनं फिल्टर लई साफ ऱ्हायलाय. पोरगं शिकल्याचं काईतरी दिसतंय राव." आई हसली. वहिनीही म्हणाली, "भाऊजी, मलाबी शिकवा की तुमची युक्ती." मी म्हणालो, "गुरुदक्षिणा लागंल." आज मला समजतं की काटे एकमेकांजवळ आले होते ते अडवायला आत काही उरलंच नव्हतं म्हणून. पाणी एका तोंडानं येत होतं आणि तसंच दुसऱ्या तोंडानं जात होतं. त्या वेळी मी ती शाबासकी घेतली आणि भाकरीबरोबर खाल्ली.

मग जेवणात कचकच लागायला लागली. मेथीची भाजी असो, वरणावरची कोथिंबीर असो, दाताखाली बारीक काहीतरी यायचं आणि अंगावर काटा यायचा. एकदा नानांनी घास थुंकला आणि ताट बाजूला सारलं. "सूनबाई, भाजी धुतली का तशीच टाकली कढईत?"

"तीनदा धुतली, नाना."

"मग माझे दात पडाया आल्यात म्हणायचं."

आईनं वहिनीकडं रोखून बघितलं. दुसऱ्या दिवशी वहिनी भाजीचं एकेक पान निवडून घमेल्यात धूत बसली होती, किती वेळ कोण जाणे. मी विहिरीकडं निघालो होतो. वाफ्याजवळून जाताना सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं आणि कोथिंबिरीच्या बुडाशी जमीन लखलखत होती. मी वाकून चिमूट उचलली. कोपऱ्याकोपऱ्याची, टोचणारी. वाफ्याच्या कडेला तर तिचा ढीगच साचला होता. त्या क्षणी मला सगळं उमगलं. धावत जाऊन नानांना सांगितलं असतं तर फार काही बिघडलं नसतं. नवी वाळू भरली असती, मला दोन शिव्या बसल्या असत्या. मी काय केलं? पायानं माती ओढून त्या वाळूवर पसरली. वरून तुडवून सारखी केली. चप्पल झटकली आणि घरी येऊन चहा प्यायलो.

असं का केलं, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे. भीती होती का? नाना मारणारे नव्हते. मला वाटतं, ती शाबासकी परत द्यायची नव्हती. घरात मला पहिल्यांदाच कुणीतरी कामाचा म्हटलं होतं. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी माणूस एवढं करतो, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

वाळूच्या टाक्यांच्या पुढं एक जाळीचा छोटा फिल्टर होता, चुकून निसटलेलं अडवायला. तो आता रोज तुंबायला लागला. नानांना जाळी सारखी काढून घासायचा कंटाळा आला. काटे तर सारखे आहेत, मोठा फिल्टर साफ आहे, मग ही भानगड कशाला, म्हणून त्यांनी जाळी काढून खोलीच्या खुंटीला अडकवून ठेवली. वहिनी म्हणाली होती, "नाना, जाळी ऱ्हाऊ द्या, मी घासते रोज." नाना म्हणाले, "तू भाजी धू." तिथून पुढं विहिरीतलं शेवाळ थेट बागेत गेलं.

द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरायची वेळ ती. वेलीला त्या दिवसांत तहान असते. ओळीच्या ओळी हळूहळू मलूल व्हायला लागल्या. आधी वाटलं रोग आहे, नानांनी फवारण्या वाढवल्या. मग एका सकाळी वहिनीनंच तोटी काढून फुंकून बघितली आणि आतून हिरवा चिकट शेंबूड बाहेर आला. एक काढली, दुसरी काढली, सगळ्या तशाच. आम्ही सगळे टाचण्या घेऊन ओळींत बसलो. मजूर, आई, नाना, वहिनी, मी. पण तोट्या हजारांनी, आणि वेलींनी वाट बघितली नाही. घडांतले मणी कुठं टपोरे, कुठं सुरकुतलेले, कुठं नुसतेच आंबट हिरवे राहिले. सौदा करायला आलेला व्यापारी दोन ओळी फिरला, एक मणी तोंडात टाकला आणि पाणी मागून चूळ भरली. त्या चुळेचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग जुन्नरहून मुनाफभाईंना बोलावलं. ठिबकवाल्याकडं फिटर होते, बोलघेवडे, आले की वस्तीभर हसू पसरायचं. दादाही मंचरहून आला होता. आम्ही सगळे विहिरीच्या ओट्यावर उभे राहिलो. मुनाफभाईंनी टाकीचं झाकण उघडलं, आत हात घातला, आणखी घातला, खांद्यापर्यंत घातला.

"नाना, वाळू कुठाय?"

"म्हंजी?"

"आवो म्हंजी काय, टाकी रिकामी. तळाला चार बोटं ऱ्हायली. खाल्ली का काय तुमी लोकांनी?"

आईच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, म्हंजी भाजीत कचकच यायची ती ही!" आणि तिनं वहिनीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"फिल्टर कोण धुतं?" मुनाफभाईंनी विचारलं.

"सूनबाई," नाना म्हणाले.

"मग चाक जास्त फिरवलं व्हय, वैनी? लोक म्हणत्यात बाईमाणसाचा हात हलका. तुमचा तर पैलवानाचा निघाला राव!" त्यांनी ते गमतीनं म्हटलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण कुणी हसलं नाही.

"मी रेघंच्या फुडं कधी न्हेलं न्हाई," वहिनी म्हणाली.

दादानं विचारलं, "रोज तूच धुतेस ना? का दुसरं कुणी हात लावतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिला काय सांगायचं होतं ते मला कळलं: की ते चार दिवस मी नव्हते, भाऊजी होते. पण ते सांगायला सासऱ्यासमोर, दिरासमोर, परक्या पुरुषासमोर तिला म्हणावं लागलं असतं की त्या दिवसांत ती बाजूला बसली होती. ते तिच्या तोंडून निघणार नाही, हे मला माहीत होतं. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तर मी गप्प राहू शकलो. ती शेवटी म्हणाली, "मीच धुते." आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. आईला तरी आठवायला हवं होतं, तिनंच मला पाठवलं होतं; आणि नानांनी तर माझ्या हाताची तारीफ केली होती, तीही त्यांना त्या दिवशी आठवली नाही. आईला आठवलं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती आता राहिली नाही.

नानांनी किल्ली मागितली. वहिनीनं कमरेची काढून त्यांच्या हातात दिली. जाळी कुणी काढली होती हा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही. दादा वहिनीशी काही दिवस बोलला नाही. बाग हातची गेली म्हटल्यावर नोकरी सोडायचं कारण उरलं नाही. उलट त्यानं मंचरला मार्केटच्या मागं खोली घेतली आणि वहिनीला तिकडं नेलं. मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो तेव्हा खिडकीखालून ट्रक चालले होते आणि घरात सडलेल्या कांद्याचा वास भरलेला होता. वहिनीनं मला पोहे केले. गॅस बंद केला, दोन पावलं आली, पुन्हा मागं जाऊन बटण चाचपलं, पुन्हा आली, पुन्हा गेली. पुढं प्रत्येक वेळी मी तिला तसं करताना बघितलं.

आणि बाग? बाग नानांनी मला दिली. त्यानंतर जन्मभर मी त्या बागेवर जगलो, लग्न केलं, मुलं शिकवली. आता आमच्या फिल्टरला यंत्र आहे, काटे लांब गेले की तो आपोआप धुतला जातो, ठरलेल्या बेतानं. गावातले तरुण सल्ला विचारायला येतात आणि मी त्यांना सांगतो की काटे फार जवळ आले तरी भ्या.

गेल्या वर्षी नाना आजारी म्हणून मंचरला गेलो. ते आता दादाकडंच असतात. वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी दारात उभा राहिलो आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. चाक, मॅची, वाफ्यातली वाळू, पायानं ओढलेली माती. ती निवडायची थांबली नाही.

"पयल्यांदा मला वाटायचं तुमीच असाल," ती म्हणाली. "दोन-तीन वर्सं वाटलं. मग वाटाया लागलं, मीच कवातरी फिरवलं आसंल. एवढी लोकं म्हणत्यात तर माझंच ध्यान नसंल." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "माझ्या हाताचा मला भरोसा ऱ्हायला न्हाई, भाऊजी. गॅस बंद केला तरी केला का न्हाई कळत न्हाई. आन् तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"मग मला हितं सैपाकघरात काय सांगताय? मला काय एकटीला बोललं व्हतं का कुणी? समद्यांच्या म्होरं झालं व्हतं ते. त्यातले जे जित्ते हायेत त्यांच्या म्होरं सांगा."

बाहेरच्या खोलीत नाना खाटेवर आणि दादा खुर्चीत पेपर वाचत बसला होता. वहिनी माझ्यामागून येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी बोलायला लागलो. नानांनी कानामागं हात धरला. "काय म्हणतोय? मोठ्यानं बोल." त्यांना कमी ऐकू येतं. मी पुन्हा बोललो. "आरं मोठ्यानं." दादानं पेपर खाली ठेवला होता. जिन्यात शेजारची माणसं थांबली असावीत. जे मला कुजबुजतही बोलता आलं नसतं, ते मी शेवटी बागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसं ओरडून बोललो:

"नाना, फिल्टरची वाळू मी घालवली! त्या चार दिवसांत वहिनी बाजूला बसल्या होत्या, त्यांनी चाकाला हातसुद्धा लावला नव्हता! त्यांना तुमच्यासमोर हे बोलता येणार नाही, हे मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसलो! दादा, तू ऐक! वहिनी, माझं चुकलं. मला माफ करा."